७४५ विजय, १७२ पराभव: एका हॉकीच्या कोचबाईंचं दप्तर



मागच्या महिन्यात ग्रामसंघाच्या बैठकीत आम्ही फळ्यावर तीन आकडे लिहिले. ७४५, १७२ आणि ९. खाली काहीच लिहिलं नाही. विचारलं, ओळखा बरं, हे कशाचे आकडे असतील? एक ताई म्हणाल्या, "बचत सातशे पंचेचाळीस, थकबाकी एकशे बहात्तर आणि दंड नऊ रुपये." दुसऱ्या म्हणाल्या, डेअरीच्या दुधाचे असतील. कोपऱ्यातल्या मावशी म्हणाल्या, "कशाचे का असंनात, बेरीज बरोबर आहे का ते बघा आधी."

मावशींचं खरं आहे. बेरीज केली तर येते ९२६. हे आहेत सामने. अमेरिकेतल्या एका कॉलेजच्या मुलींच्या हॉकी संघाला एका बाईंनी बेचाळीस वर्षं शिकवलं. त्या काळात त्यांचा संघ ९२६ सामने खेळला. ७४५ जिंकला, १७२ हरला आणि ९ बरोबरीत सुटले. या बाईंचं नाव कॅरन शेल्टन. त्यांच्या खेळात कॉलेजच्या कोणत्याही कोचने इतके सामने जिंकलेले नाहीत.

आता तुम्ही म्हणाल, आपण बचत गटाच्या बाया, आपल्याला अमेरिकेतल्या हॉकीचं काय? तर आजचा विषय हॉकी आहेच, पण त्याहून जास्त तो दप्तराचा आहे. आपण 'रेकॉर्ड' हा शब्द दोन अर्थांनी वापरतो. तलाठ्याकडे रेकॉर्ड असतं, म्हणजे नोंद. आणि एखाद्याने रेकॉर्ड केलं, म्हणजे विक्रम केला. पहिलं रेकॉर्ड नसेल तर दुसरं होत नाही. कुणी लिहूनच ठेवलं नाही, तर विक्रम झाला हे कळणार कसं? बायकांच्या कामाचं नेमकं इथेच अडतं.

आधी खेळाबद्दल. अमेरिकेत नुसतं 'हॉकी' म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे बर्फावरची हॉकी येते. आपण खेळतो ती मैदानावरची, अकरा जणांची, वाकड्या काठीची हॉकी तिथे 'फील्ड हॉकी' म्हणून ओळखली जाते. आणि आपल्याला नवल वाटेल, पण तिथे हा खेळ मुलींचाच मानतात. त्याचं कारणही एक बाईच आहे.

१९०१ साली कॉन्स्टन्स ॲपलबी नावाच्या इंग्लंडच्या बाई अमेरिकेत उन्हाळी वर्गासाठी आल्या. तिथल्या बायकांना व्यायाम म्हणून काय खेळता येईल, अशी चर्चा चालली होती. ॲपलबीबाईंनी मिळतील त्या काठ्या गोळा केल्या आणि अंगणात हॉकी खेळून दाखवली. मग मुलींच्या एकेका कॉलेजात जाऊन त्यांनी हा खेळ शिकवला. पुढे कितीतरी वर्षं त्या शिकवतच राहिल्या. त्या जगल्याही भरपूर, १०७ वर्षं. १९८१ च्या जानेवारीत त्या वारल्या. आणि त्याच १९८१ साली कॅरन शेल्टन यांनी नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात, चॅपल हिल या गावी, कोचचं काम हाती घेतलं. या दोघींचं आयुष्य एकापुढे एक ठेवलं तर अमेरिकेतल्या मुलींच्या हॉकीचा सगळा इतिहास त्यात मावतो.

पण मधल्या ऐंशी वर्षांत काय होतं? मुली खेळत होत्या, शिकवणाऱ्या शिकवत होत्या, पण कॉलेजचा पैसा, मैदान, गाड्या, शिष्यवृत्त्या हे सगळं मुलांच्या वाट्याला. मुलींच्या संघाने आपली आपण व्यवस्था करायची. हे आपल्याला वेगळं समजावून सांगायला नको. घरात दूध कमी पडलं की कुणाचा पेला अर्धा राहतो, ते आपल्याला ठाऊक आहे.

१९७२ मध्ये अमेरिकेत एक कायदा झाला. 'टायटल नाईन' म्हणजे कलम नऊ, असंच त्याला म्हणतात. कायदा मोठा नाही. ज्या शिक्षणसंस्थेला केंद्र सरकारचा पैसा मिळतो, तिथे मुलगी आहे म्हणून कुणाला डावलता येणार नाही, एवढंच तो म्हणतो. त्यात खेळाचं वेगळं नाव नव्हतं. पण खेळ हाही शिक्षणाचा भाग, म्हणून कॉलेजांना मुलींचे संघ उभे करावे लागले, शिष्यवृत्त्या द्याव्या लागल्या. सुरुवातीला मुलींच्या स्पर्धा बायकांनीच उभी केलेली एक संघटना भरवायची. पुढे मुलांच्या स्पर्धा भरवणाऱ्या मोठ्या संघटनेने, एनसीएएने, मुलींच्या स्पर्धाही घेतल्या. १९८१ मध्ये त्यांची मुलींच्या हॉकीची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली, आणि १९८२ मध्ये बायकांच्या त्या जुन्या संघटनेचं काम थांबलं. हे लक्षात ठेवा, पुढे यावर परत यायचं आहे.

म्हणजे शेल्टनबाई रुजू झाल्या आणि त्याच वर्षी या राष्ट्रीय स्पर्धेच्या दप्तराचं पहिलं पान उघडलं. तेव्हा त्या विशीतल्या होत्या. स्वतः नावाजलेल्या खेळाडू. कोच झाल्या तरी त्यांनी खेळणं सोडलं नाही. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये त्या अमेरिकेच्या संघातून खेळल्या. तिसऱ्या जागेसाठी अमेरिका आणि ऑस्ट्रेलिया यांचे गुण सारखे झाले. मग पेनल्टी स्ट्रोक घेतले आणि अमेरिकेने कांस्यपदक मिळवलं. त्याच संघात बेथ अँडर्स नावाच्या बाई होत्या. त्यांनी त्या ऑलिंपिकमध्ये आठ गोल केले. या अँडर्सबाईही कोचच होत्या, ओल्ड डोमिनियन विद्यापीठाच्या. म्हणजे ऑलिंपिकमध्ये दोघी एका संघात आणि एरवी एकमेकींच्या समोर! आपल्याकडे नाही का, दोन जावा एका गटात असतात आणि ग्रामपंचायतीला समोरासमोर उभ्या राहतात, तसंच.

इथे आपल्याकडचीही एक आठवण सांगतो. ऑलिंपिकमध्ये बायकांची हॉकी पहिल्यांदा आली ती १९८० साली, मॉस्कोला. राजकारणामुळे अमेरिकेने त्या ऑलिंपिकवर बहिष्कार घातला, त्यांच्या मुली घरीच राहिल्या. आपल्या भारताच्या मुली मात्र गेल्या आणि चौथ्या आल्या. त्या संघात पुण्याच्या एलिझा नेल्सन होत्या. दोन वर्षांनी, १९८२ च्या दिल्लीच्या आशियाई खेळांत भारतीय मुलींनी सुवर्णपदक जिंकलं, तेव्हा कर्णधार त्याच होत्या. आम्ही बैठकीत विचारलं, हे नाव कुणी ऐकलंय का? पंचवीस जणींत एकही हात वर आला नाही. आम्हीही काही वर्षांपूर्वी ऐकलं नव्हतं, म्हणून कुणाला नावं ठेवायचा प्रश्न नाही. दप्तरात नाव असून भागत नाही. ते कुणीतरी वाचावं लागतं.

आता शेल्टनबाईंचं दप्तर उघडू. ७४५ विजय हा आकडा मोठा आहे, पण नुसत्या एकूण आकड्यावर जाऊ नका. गटाच्या पासबुकातली शेवटची रक्कम बघून गट कसा चालला ते कळतं का? त्यासाठी पानं उलटावी लागतात. तशी आपण उलटू.

त्यांच्या संघाने दहा वेळा राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवलं. ती सालं अशी: १९८९, १९९५, १९९६, १९९७, २००७, २००९, २०१८, २०१९, २०२० आणि २०२२. आता या सालांच्या मधल्या जागा बघा. १९८१ ला काम सुरू केलं आणि पहिलं अजिंक्यपद १९८९ ला. म्हणजे आठ हंगाम गेले आणि नवव्यात यश आलं. त्याआधी १९८७ ला अंतिम सामन्यापर्यंत पोहोचून हरल्या होत्या. मग पुढे १९९३ ला अंतिम सामन्यात हार, १९९४ ला पुन्हा अंतिम सामन्यात हार. कुणीही म्हणालं असतं, यांना शेवटचा घास जमत नाही. आणि त्यानंतर लागोपाठ तीन वर्षं जिंकल्या. त्यानंतर पुढचं अजिंक्यपद कधी? दहा वर्षांनी, २००७ ला.

२००९ च्या पुढचं पान तर आम्हाला सगळ्यात जास्त शिकवून गेलं. २०१० ला अंतिम सामना, ३-२ ने हार. २०११ ला अंतिम सामना, ३-२ ने हार. २०१२ ला अंतिम सामना, पुन्हा ३-२ ने हार. लागोपाठ तीन वर्षं, दर वेळी फक्त एका गोलाने. २०१५ ला आणखी एकदा अंतिम सामन्यात हरल्या, ४-२ ने. २०१६ ला परत, ३-२ ने. म्हणजे सात वर्षांत पाच वेळा शेवटच्या दिवसापर्यंत जायचं आणि पाचही वेळा दुसऱ्या संघाला चषक उचलताना बघायचं.

हे आम्ही फळ्यावर लिहिलं, तेव्हा बैठक एकदम शांत झाली. एक ताई हळूच म्हणाल्या, "मग सोडलं नाही का बाईंनी?" या ताईंच्या गटाने दोन वर्षांपूर्वी पापडाचा धंदा चालू केला. पहिल्या वर्षी पावसाने माल गेला, दुसऱ्या वर्षी ऑर्डर आली ती ऐनवेळी रद्द झाली. त्यांनी तो प्रश्न शेल्टनबाईंसाठी विचारला नव्हता, हे आम्हाला कळलं.

नाही, सोडलं नाही. २०१८ चं पान बघा. त्या वर्षी २३ सामने खेळले आणि २३ जिंकले. २०१९ ला पुन्हा २३ खेळले, २३ जिंकले. दोन वर्षांत ४६ सामने आणि एकही हार नाही. २०२० चा हंगाम कोरोनामुळे लांबला, अंतिम सामना २०२१ च्या मे महिन्यात झाला, तोही जिंकला. हे नववं अजिंक्यपद. बेथ अँडर्स यांच्या नावावर तेव्हा नऊ अजिंक्यपदांचा विक्रम होता, त्याची बरोबरी झाली. आणि लगेच पुढच्या हंगामात काय झालं? पहिल्याच फेरीत नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाकडून हरून संघ बाहेर! पण त्याच्या पुढच्या वर्षी, २०२२ ला, २१ पैकी २१ सामने जिंकले. अंतिम सामना त्याच नॉर्थवेस्टर्नशी होता. सामना संपायला दोन मिनिटंही उरली नव्हती तेव्हा विजयाचा गोल झाला आणि २-१ ने जिंकल्या. दहावं अजिंक्यपद मिळालं आणि त्याच डिसेंबरमध्ये बाईंनी निवृत्ती घेतली.

आता थोडं गणित, मावशींच्या समाधानासाठी. ९२६ सामने आणि ४२ वर्षं, म्हणजे वर्षाला साधारण २२ सामने. शंभर सामन्यांत ऐंशी विजय. आणि पराभव? वर्षाला सरासरी चार. सगळ्यात जास्त जिंकलेल्या बाईसुद्धा दर वर्षी चार वेळा हरून घरी आल्या. आपण महिन्याच्या एका हप्त्याला चुकलो की तोंड लपवतो, बैठकीला यायचं टाळतो. तेव्हा ७४५ च्या शेजारी लिहिलेला १७२ हा आकडा आठवा. तो त्यांनी खोडला नाही. तो लिहिलेला आहे म्हणून ७४५ ला किंमत आहे.

आणखी एक गोष्ट आकड्यात दिसत नाही, ती सांगायला हवी. कॉलेजची मुलगी साधारण चार वर्षं खेळते आणि पदवी घेऊन जाते. म्हणजे कोचने मुलीला हाताशी धरून तयार करायचं, ती चांगली झाली की निरोप द्यायचा आणि नवीन मुलीपासून पुन्हा 'श्रीगणेशा'. बेचाळीस वर्षांत असा पुरा संघ जवळजवळ दहा वेळा बदलतो. १९८९ ला जिंकलेल्या मुलींच्या लेकी २०१८ पर्यंत खेळायच्या वयाच्या झाल्या असतील. तरी संघ जिंकत राहिला, याचा अर्थ चांगली खेळाडू मिळणं हे एकच कारण नव्हतं. शिकवायची रीत एकीकडून दुसरीकडे जात होती. मोठ्या मुली धाकट्यांना शिकवत होत्या. गटात अध्यक्ष, सचिव बदलले की गट मोडतो, हे आपण पाहतो. जिथे जुनी सचिव नवीन सचिवाशेजारी बसून तीन महिने दप्तर लिहून घेते, तिथे मोडत नाही.

बेथ अँडर्स यांचंही इथे सांगायला हवं, नाहीतर अन्याय होईल. त्यांनी ५६१ सामने जिंकले आणि २०१२ मध्ये काम थांबवलं. पाचशे विजयांचा टप्पा गाठणाऱ्या त्या या खेळातल्या पहिल्या मोठ्या कोच. १९८२, १९८३, १९८४ अशी लागोपाठ तीन अजिंक्यपदं त्यांनी मिळवली, तेव्हा शेल्टनबाईंच्या खात्यावर एकही नव्हतं. मागून आलेलीने पुढचीला गाठायला पुष्कळ वर्षं लागली. पण गाठायला पुढे कुणीतरी होतं, आणि ती बाई होती, हे काही थोडंथोडकं नाही.

आता मघाशी लक्षात ठेवायला सांगितलं होतं तिकडे वळू. १९७२ चा कायदा झाला तेव्हा अमेरिकेत मुलींच्या कॉलेज संघांना शिकवणाऱ्या दर शंभर कोचपैकी नव्वदहून जास्त बायका होत्या. पगार कुठे नाममात्र, कुठे काहीच नाही. कायदा झाला, मुलींच्या खेळात पैसा आला, कोचला चांगला पगार मिळू लागला. आणि आज? मुलींच्या संघांच्या कोचमध्ये बायका निम्म्याही नाहीत. मुली खेळू लागल्या, पण शिकवायच्या खुर्चीवर पुरुष बसले. त्यांची स्वतःची संघटना गेली, ते तर आधी सांगितलंच.

हे ऐकून बैठकीत एकदम गलका झाला. कुणी म्हणालं, "शेळ्या आम्ही राखायच्या, बाजाराला नेताना मालक." कुणी म्हणालं, गावात दुधाची डेअरी बायकांनी चालू केली, टँकर यायला लागला तसे चेअरमन बदलले. कुणी रेशन दुकानाचं सांगितलं, कुणी शाळेच्या खिचडीचं. काम फुकटाचं असतं तोवर ते बायकांचं. पैसा आला की ते 'जबाबदारीचं' होतं आणि मग बाईला झेपेल का, असं विचारतात. हे आपल्याच गावात घडतं असं आपल्याला वाटत होतं. सातासमुद्रापलीकडे, एवढ्या श्रीमंत देशातही तेच घडलं.

म्हणून शेल्टनबाई बेचाळीस वर्षं एका खुर्चीवर टिकून राहिल्या, याला आम्ही ७४५ विजयांइतकंच मोठं मानतो. खुर्ची धरून बसणं चांगलं नाही, असं आपण म्हणतो, आणि ते पुढाऱ्यांबद्दल बरोबरही आहे. पण जिथे बाई उठली की जागा परत बाईला मिळेल याची खात्री नाही, तिथे टिकून राहणं हेच एक काम असतं. २०१८ मध्ये चॅपल हिलच्या नव्या हॉकी मैदानाला त्यांचं नाव दिलं गेलं. त्या अजून कोच होत्या, रोज त्याच मैदानावर सरावाला यायच्या. आपल्याकडे बाईचं नाव सहसा ती गेल्यावर लागतं, तेही एखाद्या बाकावर, 'यांच्या स्मरणार्थ' म्हणून.

आणि उठताना त्यांच्या जागी कोण आलं? २०२२ च्या अंतिम सामन्यात तो शेवटचा गोल करणारी मुलगी, एरिन मॅटसन. चार अजिंक्यपदं तिने खेळाडू म्हणून जिंकली होती. २०२३ च्या सुरुवातीला विद्यापीठाने तिला मुख्य कोच केलं, तेव्हा ती २२ वर्षांची होती. कालपर्यंत ज्या मुली तिच्या बरोबरीने खेळत होत्या, त्यांचीच ती कोच. पोरीला काय जमणार, असं बोलणारे तिथेही असतीलच. त्या वर्षी अंतिम सामन्यात पुन्हा नॉर्थवेस्टर्नच समोर आलं, सामना बरोबरीत अडकला आणि शेवटी शूटआउटवर तिच्या संघाने अजिंक्यपद जिंकलं. चॅपल हिलचं हे अकरावं. पण हे शेल्टनबाईंच्या खात्यावर नाही, मॅटसनच्या खात्यावर लिहिलं गेलं. वही नवी, नाव नवं.

मैत्रिणींनो, आपल्या पंचसूत्रीत पाचवं सूत्र आहे नियमित नोंदी. बाकीची चार आपण पाळतो आणि पाचव्याला कंटाळतो. "ते लिहायचं काम शिकलेल्या पोरीला द्या," म्हणतो. बँकेच्या साहेबांनी मागितलं की मग धावपळ करून मागच्या तारखांच्या सह्या घेतो. वही साहेबांसाठी नसते हो. गट कुणी चालू केला, पहिले दहा रुपये कुणी दिले, कोणत्या वर्षी दुष्काळ होता म्हणून बचत थांबली, कोणता धंदा बुडाला, त्यातून कोण उभं राहिलं, हे आपण लिहिलं नाही तर दुसरं कुणी लिहिणार नाही.

तेव्हा या महिन्याच्या बैठकीत एक काम करा. हप्ते गोळा झाले की लगेच उठू नका. गटाची सगळ्यात जुनी वही काढा आणि पहिलं पान मोठ्याने वाचा. ज्या आता नाहीत त्यांची नावं वाचा. मग एका कोऱ्या पानावर तीन ओळी लिहा: काय जमलं, काय फसलं, आणि पुढे हे कुणाला शिकवायचं. फसलेलं लिहायला लाजू नका. आणि तिसऱ्या ओळीत एखाद्या तरुण सुनेचं, लेकीचं नाव लिहा, तिला त्याच बैठकीत शेजारी बसवा आणि पेन तिच्या हातात द्या.

आमच्या बैठकीतल्या त्या पापडवाल्या ताईंनी परवा फोन केला होता. त्यांनी वहीत लिहिलंय: दोन वर्षं तोटा, रक्कम अमुक, कारण पाऊस आणि रद्द ऑर्डर. खाली लिहिलंय, तिसरं वर्ष चालू. पुढची जागा त्यांनी मोकळी ठेवली आहे.

नमस्कार.